गर्भपातासाठी नवऱ्याची सही लागते का, आणि ती मागण्यात बाईचे किती आठवडे जातात

प्रश्न थोडक्यात असा आहे. घाटकोपरच्या एका ताईंच्या धाकट्या बहिणीला दोन मुले आहेत. तांबी बसवलेली असूनही तिला दिवस गेले आहेत आणि शेवटच्या पाळीपासून मोजले तर अकरावा आठवडा चालू आहे. नवरा सुट्टी संपवून आखातात परतला आहे. पहिल्या दवाखान्यात तिला ‘नवऱ्याची सही आणा’ असे सांगितले, दुसऱ्यात ‘आम्ही हे करत नाही’ असे सांगितले आणि तिसऱ्यातून सोनोग्राफी करून या म्हणून परत पाठवले. ताई विचारतात की अमेरिकेत बंदी आल्याच्या बातम्या आपण वाचतो आणि आपल्याकडे कायदा चांगला आहे असे ऐकतो, तर मग बाईला खरोखर अधिकार आहे की नाही, आणि या फेऱ्यांचा तिच्या तब्येतीवर काय परिणाम होतो.

सहीचे उत्तर आधी देते, कारण त्यात एक दिवसही जाऊ नये. अठरा वर्षे पूर्ण झालेल्या स्त्रीच्या गर्भपातासाठी वैद्यकीय गर्भपात कायद्याच्या तिसऱ्या कलमानुसार फक्त तिची स्वतःची संमती लागते. नवऱ्याची, सासू-सासऱ्यांची किंवा वडिलांची संमती लागत नाही. संमतीसाठी नियमांनी ठरवून दिलेला ‘फॉर्म सी’ नावाचा एक कागद आहे. त्यावर ‘अमुक यांची मुलगी किंवा पत्नी’ असे नाव लिहिण्याची ओळ आहे, परंतु सज्ञान आणि मानसिकदृष्ट्या सक्षम स्त्रीसाठी सहीची जागा एकच आहे, आणि ती तिची आहे. पालकाची सही लागते ती केवळ अठरा वर्षांखालील मुलीसाठी किंवा मानसिक आजार असलेल्या स्त्रीसाठी. आधार कार्डाची अटही या कायद्यात नाही.

असे असूनही मुंबईतल्या कितीतरी नर्सिंग होममध्ये नातेवाईकाच्या सहीचा रकाना असलेला स्वतंत्र छापील कागद ठेवलेला असतो, आणि तो भरल्याशिवाय तारीख मिळत नाही. हे मी दुसऱ्यांकडे बोट दाखवून लिहीत नाही. एकोणीसशे नव्वदच्या दशकात मी निवासी डॉक्टर होते तेव्हा आमच्या वॉर्डात हीच पद्धत होती आणि मीही ती पाळत असे. घरकाम करणारी एक बाई नवव्या आठवड्यात ओपीडीत आली होती. तिला चार मुले होती आणि नवरा दारूत होता. ‘त्याला घेऊन या, मग बघू,’ असे मी तिला सांगितले. ते सांगताना मी केस पेपरवरून मान वर करून तिच्याकडे पाहिलेसुद्धा नव्हते. पाच आठवड्यांनी ती स्ट्रेचरवरून परत आली. वस्तीतल्या कुणीतरी आत काडी घातली होती, पिशवीला भोक पडले होते, आणि अंगात एकशे चार ताप होता. आम्ही तिचा जीव वाचवला, पण पिशवी काढावी लागली. कायद्याने न मागितलेली एक सही मी मागितली आणि त्याची किंमत तिने मोजली. तेव्हापासून कोणताही नियम पाहिला की त्यात बाईचे किती दिवस जातील, हाच हिशेब मी प्रथम करते. ताईंच्या दुसऱ्या प्रश्नाचे माझे उत्तरही याच हिशेबात आहे.

गर्भपातात धोका आठवड्यांबरोबर वाढतो आणि उपचाराची पद्धतही बदलत जाते. नवव्या आठवड्यापर्यंत डॉक्टरच्या देखरेखीखाली गोळ्या देऊन काम होते. बाराव्या आठवड्यापर्यंत हाताने चालवायच्या निर्वात पंपाने पिशवी रिकामी करता येते, आणि बहुतेक स्त्रिया त्याच दिवशी घरी जातात. त्यानंतर मात्र बहुधा औषधांनी कळा आणाव्या लागतात. वार अडकण्याची, रक्तस्राव होण्याची आणि दोन-तीन दिवस दाखल राहण्याची शक्यता वाढते. विसाव्या आठवड्यानंतर तर ती जवळजवळ प्रसूतीच असते, आणि जागेच्या टंचाईमुळे ती अनेकदा प्रसूतीच्या वॉर्डातच होते, जिथे शेजारच्या खाटेवर कुणाचे तरी बाळ रडत असते. हे सारे झाल्यावर त्या स्त्रीने काही वेळाने चेहऱ्यावरून पदर ओढून घेतलेला मी अनेकदा पाहिला आहे. म्हणून तीन आठवड्यांचा उशीर म्हणजे केवळ तीन आठवडे नसतात. त्या उशिरामुळे गोळ्यांची बाई पंपाकडे जाते, पंपाची बाई कळांकडे जाते आणि कळांची बाई कोर्टाकडे जाते.

आता कायद्याकडे येऊ. महाराष्ट्राचे तत्कालीन आरोग्यमंत्री शांतिलाल शाह यांच्या अध्यक्षतेखाली केंद्राने १९६४ मध्ये समिती नेमली, तिने १९६६ मध्ये अहवाल दिला, १९७१ मध्ये कायदा झाला आणि १ एप्रिल १९७२ पासून तो अमलात आला. चोरून केलेल्या गर्भपातांतून होणारे मृत्यू थांबवणे हा त्यामागचा मोठा हेतू होता, आणि त्या काळाच्या मानाने तो खरोखर धाडसी कायदा होता. मात्र त्याची रचना समजून घेतल्याशिवाय आजच्या अडचणी कळत नाहीत. भारतीय दंड संहितेच्या ३१२ व्या कलमाने गर्भपात हा गुन्हा होता, स्वतःचा गर्भ पाडणारी स्त्रीसुद्धा त्यात गुन्हेगार होती, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या ८८ व्या कलमातही तेच कायम आहे. १९७१ च्या कायद्याने हा गुन्हा रद्द केला नाही. ठरावीक अटी पाळून, मान्यताप्राप्त ठिकाणी, नोंदणीकृत डॉक्टरने सद्भावनेने आपले मत देऊन गर्भपात केला तर त्या डॉक्टरला शिक्षा होणार नाही, एवढेच संरक्षण त्याने दिले. म्हणजे कायद्याने अधिकार स्त्रीला दिला नाही, तर डॉक्टरला अभय दिले आणि त्या अभयाच्या आडून स्त्रीला सेवा मिळू दिली. त्यामुळे ज्या दिवशी डॉक्टर घाबरतो त्या दिवशी बाईचे दार बंद होते, मग कायदा कागदावर कितीही उदार असो.

२०२१ च्या दुरुस्तीने बऱ्याच गोष्टी सुधारल्या, हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. पूर्वी बाराव्या आठवड्यानंतर दोन डॉक्टरांचे मत लागत असे, आता विसाव्या आठवड्यापर्यंत एकाचे पुरते. गर्भनिरोधक साधन निकामी ठरल्याचे कारण पूर्वी फक्त विवाहित स्त्रीला देता येई, आता कायद्यात ‘स्त्री किंवा तिचा जोडीदार’ असे शब्द आहेत. वीस ते चोवीस आठवड्यांच्या दरम्यान बलात्कारपीडित, अल्पवयीन, गर्भारपणात विधवा किंवा घटस्फोटित झालेल्या, अपंग, मानसिक आजार असलेल्या, आपत्तीत सापडलेल्या आणि गर्भात गंभीर व्यंग असलेल्या स्त्रियांना दोन डॉक्टरांच्या मताने गर्भपात करता येतो. २९ सप्टेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या यादीचा अर्थ आणखी व्यापक केला. अविवाहित स्त्रीला त्यातून वगळता येणार नाही, आणि या कायद्यापुरता पतीने केलेला बलात्कारही बलात्कारच मानला जाईल, असे न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील खंडपीठाने सांगितले. कायद्यात नसलेल्या परवानग्या डॉक्टरांनी मागू नयेत, हेही त्याच निकालात आहे. माझ्या दृष्टीने त्या निकालातले रोजच्या कामाचे वाक्य तेच आहे, आणि ते प्रत्येक ओपीडीत मराठीत लावून ठेवायला हवे.

मग डॉक्टर का घाबरतात? नवऱ्याचे नातेवाईक येऊन दंगा करतील ही भीती पहिली. २००७ मध्ये घटस्फोटाच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मानसिक क्रूरतेची उदाहरणे देताना, वैद्यकीय कारण नसताना पतीच्या नकळत केलेल्या गर्भपाताचाही उल्लेख केला होता. तो उल्लेख पती-पत्नीच्या वादापुरता आहे, डॉक्टरने सही मागावी असे त्यातून निघत नाही. उलट पत्नीने आपल्याला न विचारता गर्भपात केला म्हणून तिच्यावर आणि डॉक्टरांवर भरपाईचा दावा लावणाऱ्या पतीची याचिका त्याच न्यायालयाने २०१७ मध्ये फेटाळली. तरीही दवाखान्यांत पहिली गोष्ट लक्षात राहिली आणि दुसरी फारशी कुणाला माहीत नाही.

दुसरी भीती गर्भलिंगनिदानाच्या कायद्याची आहे, आणि इथे मला जरा थांबून लिहावेसे वाटते, कारण महाराष्ट्राचा संबंध सर्वांत जवळचा आहे. गर्भलिंगनिदानावर निर्बंध घालणारा देशातला पहिला कायदा आपल्या राज्याने १९८८ मध्ये केला, आणि केंद्राचा कायदा १९९४ मध्ये झाला. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात शून्य ते सहा वयोगटात हजार मुलग्यांमागे ८९४ मुली निघाल्या, दहा वर्षांपूर्वी त्या ९१३ होत्या. संताप रास्त होता. मुलगी नको म्हणून गर्भ पाडणे हा आपल्या समाजावरचा कलंक आहे आणि त्यात सामील झालेल्या डॉक्टरांना शिक्षा झालीच पाहिजे, याबद्दल माझ्या मनात कधीही शंका नव्हती. पण गुन्हा लिंगनिदानाचा होता आणि पाळत गर्भपातावर बसली. ‘भ्रूणहत्या’ हा शब्द भिंतींवर, रिक्षांच्या मागे आणि शाळेच्या निबंधांत पोचला, आणि त्यातली ‘हत्या’ प्रत्येक गर्भपाताला चिकटली. माझ्याकडे येणाऱ्या शिकलेल्या मुलीसुद्धा आवाज खाली घेऊन विचारतात, ‘मॅडम, हे बेकायदेशीर आहे ना?’ सोनोग्राफीत लिंग साधारणपणे बाराव्या-तेराव्या आठवड्यानंतर कळू लागते, आणि गोळ्या नवव्या आठवड्यापर्यंतच द्यायच्या असतात. म्हणजे या गोळ्यांचा लिंगनिवडीशी काही संबंध असू शकत नाही. तरीही राज्यात औषध दुकानांवर झालेल्या कारवाईनंतर अनेक केमिस्टांनी चिठ्ठी असली तरी या गोळ्या ठेवणेच बंद केले, कारण तपासणीच्या कटकटीपेक्षा नाही म्हणणे सोपे होते. छोट्या दवाखान्यांनीही तेच केले. ताईंच्या बहिणीला दुसऱ्या ठिकाणी मिळालेले ‘आम्ही हे करत नाही’ हे उत्तर बहुधा तिथून आले आहे.

तिसऱ्या दवाखान्याने सोनोग्राफी मागितली, ती मात्र अडवणूक नव्हती. कायद्यात सोनोग्राफीची सक्ती नाही, परंतु तांबी असताना राहिलेला गर्भ गर्भपिशवीऐवजी बीजवाहक नळीत असण्याची शक्यता नेहमीपेक्षा अधिक असते, आणि तांबी नेमकी कुठे आहे हेही पाहावे लागते. चूक झाली ती एवढीच की हे कारण तिला कुणी नीट समजावून सांगितले नाही.

अल्पवयीन मुलींची स्थिती सर्वांत बिकट आहे. २०१२ च्या पॉक्सो कायद्याने अठरा वर्षांखालील मुलीशी आलेला प्रत्येक शरीरसंबंध गुन्हा ठरतो, आणि तो कळल्यावर पोलिसांना न कळवणाऱ्यालाही सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. सतरा वर्षांची मुलगी आईबरोबर येते. मुलगा तिच्याच चाळीतला, तिच्याच वयाचा असतो. मी ‘पोलिसांना कळवावे लागेल’ असे सांगताच आई मुलीचा हात धरून उठते, आणि त्या दोघी दारातून बाहेर पडताना त्या आता कुठे जातील हे मला ठाऊक असते. २०२२ च्या निकालाने यावर एक मार्ग काढला आहे. मुलीने किंवा पालकांनी विनंती केली तर डॉक्टरने माहिती कळवताना तिचे नाव आणि ओळख उघड करण्याची गरज नाही. हे मी आता पहिल्याच वाक्यात सांगते. अनेक ठिकाणी मात्र अजूनही पोलीस ठाण्याचा माणूस आल्याशिवाय तपासणीही सुरू होत नाही.

चोवीस आठवड्यांनंतरचा रस्ता सरकारने नेमलेल्या तज्ज्ञ डॉक्टरांच्या वैद्यकीय मंडळाकडे आणि कोर्टाकडे जातो. गर्भात मोठे व्यंग असेल तर मंडळ परवानगी देऊ शकते आणि नियमांनी त्याला मतासाठी तीन दिवस दिलेले आहेत. स्त्रीचा जीव तातडीने वाचवायचा असेल तर आठवड्यांची कोणतीही मर्यादा नाही आणि मंडळाचीही गरज नाही. बाकी सगळ्यांना उच्च न्यायालयात जावे लागते. या वाटेची सुरुवातही मुंबईतूनच झाली. २००८ मध्ये गर्भाच्या हृदयात दोष आढळलेल्या एका दांपत्यासह स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. निखिल दातार मुंबई उच्च न्यायालयात गेले आणि परवानगी नाकारली गेली. गर्भाची तपशीलवार सोनोग्राफी अठरा ते वीस आठवड्यांत होते आणि हृदयाचे काही दोष त्यानंतरच दिसतात, तर कायद्याची तेव्हाची सीमा वीस आठवडे होती. ही विसंगती कायद्यात दुरुस्त व्हायला तिथून तेरा वर्षे लागली. याच न्यायालयाने पुढे मोठी पावले टाकली आहेत. २०१६ मध्ये भायखळ्याच्या तुरुंगातल्या स्त्रियांच्या प्रकरणात न्यायमूर्ती विजया ताहिलरामानी आणि मृदुला भाटकर यांनी, शरीर तिचे आहे म्हणून निर्णयही तिचाच, असे स्पष्ट केले. जानेवारी २०२३ मध्ये न्यायमूर्ती गौतम पटेल यांच्या खंडपीठाने बत्तीस आठवड्यांपलीकडे गेलेल्या गर्भात गंभीर व्यंग असलेल्या स्त्रीला परवानगी देताना, निवडीचा अधिकार मंडळाचा नाही, तिचा आहे, असे म्हटले.

तरीही कोर्टाची वाट ही उशिराचीच वाट आहे. एप्रिल २०२४ मध्ये एका अल्पवयीन मुलीला उच्च न्यायालयाने परवानगी नाकारल्यानंतर सर्वोच्च न्यायालयाने सायनच्या रुग्णालयात गर्भपाताचा आदेश दिला. तोवर गर्भ तीस आठवड्यांच्या घरात गेला होता. आठवड्याभरात मुलीच्या जिवाच्या काळजीने पालकांचे मन बदलले आणि आदेश मागे घ्यावा लागला. मंडळांनी केवळ गर्भाची तपासणी करून थांबू नये, मुलीच्या शरीरावर आणि मनावर काय परिणाम होईल तेही लिहावे, असे न्यायालयाने त्यात सांगितले. निकाल चांगलाच होता, तिच्यासाठी तो उशिरा आला.

परदेशाविषयी ताईंनी विचारले आहे म्हणून एकच गोष्ट सांगते, कारण ती आपल्या शेजारची आहे. बेळगावहून आयर्लंडला गेलेल्या दंतवैद्य सविता हलप्पनवार यांचा सतराव्या आठवड्यात गर्भपात होऊ लागला होता, गर्भ वाचणार नाही हे स्पष्ट होते, तरी गर्भाचे ठोके चालू आहेत म्हणून गॉलवेच्या रुग्णालयात डॉक्टर थांबले. जंतुसंसर्ग रक्तात पसरला आणि २८ ऑक्टोबर २०१२ रोजी, एकतिसाव्या वर्षी, त्या गेल्या. तिथे तेव्हा गर्भपातावर बंदी होती, पण तिथेही कायद्यात आईचा जीव वाचवण्याची मुभा होती. तो नेमका कधी धोक्यात आला असे मानायचे, हे ठरवताना डॉक्टर कायद्याकडे पाहत राहिले. आयर्लंडने २०१८ मध्ये सार्वमत घेऊन ती बंदी उठवली. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २४ जून २०२२ रोजी गर्भपाताच्या अधिकाराची घटनात्मक हमी काढून घेतल्यानंतर तिथल्या अनेक राज्यांतले डॉक्टर आज त्याच जागी उभे आहेत.

आपल्याकडे बंदी नाही, पण अडथळ्यांचा परिणाम आकड्यांत दिसतो. २०१५ साली भारतात सुमारे १ कोटी ५६ लाख गर्भपात झाल्याचा अंदाज ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातले सुमारे ७३ टक्के आरोग्य केंद्राबाहेर, गोळ्या घेऊन झाले होते. गोळ्या मुळात सुरक्षित आहेत, आणि काडी घालण्याचे ते दिवस मागे पडले ते त्यांच्यामुळेच. पण किती आठवडे झाले, गर्भ नळीत तर नाही ना, अंगात रक्त किती आहे, हे कुणीही न पाहता घेतल्या तर त्यांतूनही जीवावर बेतू शकते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय पाहणीनुसार पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे. अशा बाईला दोन दिवस जास्त रक्त गेले तर ती उभी राहू शकत नाही. आणि ती उशिरा येते, कारण दवाखान्यात आपल्याला काय विचारतील याची तिला भीती वाटत असते.

आता ताईंच्या बहिणीने काय करावे ते सांगते. अकरावा आठवडा असल्याने गोळ्यांची वेळ गेली आहे, पण पंपाची आहे, म्हणून या आठवड्यातच जावे. सरकारी रुग्णालयांना यासाठी वेगळ्या मान्यतेची गरज नसते, आणि महापालिकेच्या मोठ्या रुग्णालयांतही हे होते, म्हणून केईएम, सायन, नायर, कूपर किंवा घराजवळचे राजावाडी यांपैकी कुठेही सकाळी लवकर जाऊन स्त्रीरोग विभागाचा केस पेपर काढावा. खासगी ठिकाणी जायचे असल्यास मान्यतेचे ‘फॉर्म बी’ प्रमाणपत्र दर्शनी भागात लावलेले आहे का ते पाहावे. शेवटच्या पाळीची तारीख आणि तांबी बसवल्याची तारीख कागदावर लिहून न्यावी, सोनोग्राफी झाली असल्यास तो अहवाल न्यावा. कारण विचारले तर ‘तांबी असताना दिवस गेले’ एवढे सांगणे पुरेसे आहे. कायदा तेवढ्यावरच मानसिक आरोग्याला गंभीर इजा गृहीत धरतो, त्यासाठी पुरावा द्यावा लागत नाही. तिचे नाव गुप्त ठेवणे डॉक्टरवर बंधनकारक आहे, ते उघड केल्यास एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. नवऱ्याची सही पुन्हा मागितली तर शांतपणे ‘फॉर्म सी’ मागावा. तरीही नकार मिळाला तर तो लेखी द्या म्हणावे आणि वाद घालत न बसता त्याच दिवशी दुसऱ्या रुग्णालयात जावे. आणि ताई, शक्य असेल तर तुम्ही तिच्याबरोबर जा. सहीसाठी नव्हे, तर घरी परतताना टॅक्सीत तिच्या शेजारी कुणीतरी असावे म्हणून.